अदखलपात्र

मागं एकदा एका म्हाताऱ्याबरोबर ठाण्यात गेलो होतो. कोणतं ठाणं ते सांगत नाही, आतून सगळी ठाणी सारखीच. म्हाताऱ्याचं बांधावरून भांडण झालं होतं. शेजारचा शेतवाला दोन पोरं घेऊन त्याच्या दारात आला, जातीवरून बोलला, काठीनं मारलं, आणि जाताजाता उंबऱ्यावरची पाण्याची घागर लाथेनं उलथी केली. म्हातारा हे सगळं उभ्यानंच सांगत होता. घागरीपाशी आला की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासनं सुरू करायचा. काठी त्याला तेवढी लागली नव्हती, घागर लागली होती. हवालदार मान खाली घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणाला, "कर अंगठा."

मी कागद ओढून वाचला. त्यात होतं, शेताच्या बांधाच्या किरकोळ कारणावरून उभयतांत बाचाबाची होऊन अर्जदारास शिवीगाळ व धक्काबुक्की झाली. बस. जात गेली, काठी गेली, दार गेलं, घागर गेली. एकानं मारलं नि एकानं मार खाल्ला, पण कागदावर दोघांनी मिळून कायतरी केलं असं झालं. उभयतांत! आणि वर एक शब्द : अदखलपात्र.

तो शब्द तेव्हापासून मला सोडीत नाही. अदखलपात्र म्हणजे दखल घ्यायच्या लायकीचा नाही. कायद्यात हा शब्द गुन्ह्याला लावतात. आपल्याकडं तो माणसाला जाऊन चिकटतो.

दोस्तांनो, दादागिरीवर आपण खूप लिहिलंय. पाटील, सावकार, सरपंच, फौजदार, मुकादम, एकेकाच्या मिशा आपण कवितेत उपटल्यात. तरी माझं आपल्या लिहिणाऱ्यांशी एक भांडण आहे. दादागिरीला एकटा दादा पुरत नाही. त्याला बघणारे लागतात, आणि झाल्यानंतर त्याचं काय झालं हे लिहिणारा एक लागतो. हात उचलणाऱ्याला आपलं साहित्य नीट ओळखतं. बघणाऱ्याला अधूनमधून ओळखतं. लिहिणारा मात्र आपल्या पानांतनं जवळजवळ गायबच आहे. आणि मला वाटतं, खरी सत्ता तिथंच बसलेली असते, टेबलामागं, चष्मा लावून.

परभणीची गोष्ट आहे तर परभणीपासनंच सुरू करू. १४ मे १९७२, ब्राह्मणगाव. दुष्काळाचं साल. पाण्याच्या कारणावरून दोन बौद्ध बायांना नागवं करून मारलं नि गावातनं धिंड काढली. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांची एकदा धिंड निघाली त्यांची पुन्हा छापून कशाला काढायची. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात बावड्याला आख्ख्या दलित वस्तीवर बहिष्कार पडला होता. ह्याच दिवसांत मुंबईत पँथर उभी राहिली. आणि १५ ऑगस्टला 'साधना'चा विशेषांक निघाला, अनिल अवचटांनी काढलेला, त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला.

त्या लेखाकडं आपण अजूनही बॉम्ब म्हणून बघतो. वाचलेला नसतो तोही सांगतो, बॉम्ब होता म्हणून. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मला तो हिशेबाचा लेख वाटला. ढाल्यांनी काय केलं? दर काढले. झेंड्याचा मान राखला नाही तर दंड किती, आणि बौद्ध बाईचं लुगडं फेडलं तर दंड किती. ३०० आणि ५०. हे दोन आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. शिव्याही दिल्या, नाही कोण म्हणतं? पण शिव्या त्या काळात पुष्कळांनी दिल्या नि त्या विरून गेल्या. हा लेख टिकला तो त्या दोन आकड्यांवर. लिहिणाऱ्याची वही ढाल्यांनी उघडली आणि तिच्यातलंच मोठ्यांदा वाचून दाखवलं.

मग झालं काय? सगळा शहाणा महाराष्ट्र चिडला तो झेंड्यावरनं. भाषा असभ्य आहे, राष्ट्राचा अपमान आहे, वगैरे वगैरे. पन्नास रुपयांवरनं चिडलेले किती निघाले? म्हणजे ब्राह्मणगावात धिंड बघायला उभे होते ते अडाणी, आणि पुण्या-मुंबईत पेपर वाचत बसलेले ते सुशिक्षित. उभं राहण्याची जागा तेवढी वेगळी.

ह्या पन्नास रुपयांचं पुढं काय झालं तेही आपल्या पोरांना माहीत पाहिजे. १९८९ साली ॲट्रॉसिटीचा कायदा झाला. अंगावरची वस्त्रं जबरीनं काढणं, नागवी धिंड काढणं, ह्याला त्यात स्वतंत्र कलम मिळालं. शिक्षा कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड. त्यामागं एकटं ब्राह्मणगाव नव्हतं, अशी गावं देशभर होती. पण १७ वर्षांत दर बदलला तो रडून बदलला नाही, कोणीतरी आकडा वाचून दाखवला म्हणून बदलायला सुरुवात झाली, एवढं मी छातीठोक म्हणतो.

आता साहित्याकडं वळू. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ ची. रेल्वेतली नोकरी, चोरलेली जात, आधी डोक्यावर घेणारी माणसं, आणि जात उघड झाल्यावर तीच माणसं तुटून पडतात. शेवटी मार खाल्लेला नायक म्हणतो त्याचा मतलब असा, की मला ह्या लोकांनी नाही मारलं, मनूनं मारलं. वाचताना काटा येतो. तिथं ते वाक्य खरं आहे, कारण मारणाऱ्यांचं प्रेमही त्यानं चाखलेलं आहे, त्यांचे चेहरे आपण कथेत जवळनं बघितलेत. हातामागचा हात दाखवायचा हक्क बागुलांनी कमावलेला आहे.

पण त्यांच्यामागं आलेल्यांनी काय केलं? मनू फुकटात उचलला. कवितेत मनू, कथेत मनू, भाषणात मनू. मारणारा कोण, विचारलं तर मनू. कुठल्या गावचा, कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, कोणाचा मेहुणा, त्यावेळी बीट हवालदार कोण होता, तक्रार लिहून घेतली का, प्रत दिली का? काही नाही. अरे, मनूवर एफआयआर दाखल होत नाही! मनूला अटक होत नाही, त्याची बदली होत नाही, तो साक्षीला येत नाही. इतका सोयीचा आरोपी मिळाल्यावर खरे आरोपी निवांत चहा पितात. हे मी चिडून लिहितोय, कारण ही कविता मीही लिहिलीय. टाळ्याही घेतल्यात.

अण्णाभाऊंना हे बरोबर कळलं होतं. 'फकिरा'त मांगांच्या मानेवर काय बसलंय? हजेरी. वहीत नाव, वहीत अंगठा. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठाण्याला रोज तोंड दाखवायला लावणारी वही. फकिराच्या तलवारीचं कौतुक आपण करतो, पण ती ज्याच्यावर उठते ते निव्वळ माणूस नाही, ती वही आहे. आणि ही कादंबरी अण्णाभाऊंनी कुणाला वाहिली? बाबासाहेबांच्या लेखणीला. उगंच नाही.

दुसरा आपल्याच मराठवाड्यातला, लक्ष्मण गायकवाड, 'उचल्या', १९८७. त्यातला पोलीस नाटकातला राक्षस नाही. तो घरात येतो, मारतो, आणि आपला वाटा घेऊन जातो. त्याला चोरी थांबवायची नाही, त्याला चोरीत हिस्सा पाहिजे. दादागिरी हा स्वभाव नसून धंदा आहे, तिला हप्ता आहे, पुस्तक आहे, मागच्या महिन्याची बाकी आहे, हे इतक्या थंडपणानं फार थोड्यांनी लिहिलं.

बघणाऱ्यांविषयी थोडं सांगायचंय. माणसाला मारायचं तर अंधारात मारता येतं. धिंड काढतात ती दिवसाउजेडी, कारण ती दाखवायची असते. बघायला कोणीच आलं नाही तर धिंड निघतच नाही. बाप पोराला खांद्यावर घेऊन बघतो तेव्हा त्या पोराची शाळा सुरू होते. कोणाला कुठवर मारलेलं चालतं, आणि मारताना आपण कुठं उभं राहायचं, एवढं त्याला पहिलीत जायच्या आधी येतं. पुढं कोर्टात तोच बाप सांगतो, मी त्या दिवशी सोयऱ्याकडं गेलो होतो. आणि मार खाल्लेल्याच्या घरात काय होतं? तो माणूस बोलायचा कमी होतो. बाजाराला वेगळ्या वाटेनं जातो. पोराला म्हणतो, आपल्याला काय करायचंय, तू तुझी बुकं शिक. मग एक दिवस पोरगं बुकं शिकून शहरात जातं आणि आडनाव बदलतं. दवाखान्याच्या कागदावर ह्यातलं काही येत नाही. तिथं साधी दुखापत लिहिलेली असते.

१९७८ ला नामांतराचा ठराव २७ जुलैला झाला आणि मराठवाड्यातली गावंच्या गावं पेटली. आपल्या परभणीतही घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचीराम कांबळेंना मारलं, जयभीम सोडत नाही म्हणून. त्या पावसाळ्यात जे बघत उभे होते त्यांना वाटलं, हे महार-मांगांपुरतं आहे. तसं ते नसतं. ज्या गावानं वस्तीवरची दादागिरी मुकाट बघितली त्या गावाचा सवयीनं आवाज बसतो. मग वाळूवाला दादा येतो, ठेक्याचा दादा येतो, आणि गावाला ओरडायचं असतं तर घसा नसतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगला ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्कीच्या कंपनीच्या आवारात पहारेकऱ्याला मारहाण होत होती. सरपंच संतोष देशमुख बघत उभे राहिले नाहीत, मध्ये पडले. ९ तारखेला त्यांना पळवून नेऊन हालहाल करून मारलं. मामला खंडणीचा होता असं आरोपपत्र म्हणतं. देशमुख मराठा समाजाचे. तरीही त्यांचं नाव आपल्या वस्तीत आदरानं घेतलं पाहिजे, बघ्यांच्या मुलखात ते बघे राहिले नाहीत.

ह्याच आठवड्यात परभणी. १० डिसेंबरला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. ११ ला बंद झाला, दगड पडले, जाळपोळ झाली. ते झाकायचं कारण नाही. मग पोलीस वस्त्यांत शिरले. बायांना घरातनं ओढल्याच्या, मारल्याच्या तक्रारी झाल्या. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजाचा, ३५ वर्षांचा, कायदा शिकणारा. १५ डिसेंबरच्या सकाळी न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. दुसऱ्या दिवशी त्याला निरोप दिला आणि त्याच रात्री परभणीचे जुने कार्यकर्ते विजय वाकोडे हृदयविकारानं गेले. त्यांचं मरण कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता भाषा बघा, कारण आपण इथं समीक्षा करायला बसलोत. मोडतोड करणारा कोण? मनोरुग्ण. वस्तीत काय झालं? कोम्बिंग. सोमनाथला काय झालं? पहिली बातमी आली ती छातीत दुखल्याची. विधानसभेत सांगितलं गेलं की त्याला श्वसनाचा आजार होता आणि मॅजिस्ट्रेटपुढं त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळं बसलेला धक्का असं कारण होतं. ठाण्यातल्या त्या कागदावरचं 'उभयतांत' मला इथं पुन्हा भेटलं. नुसता कर्ता काढून घ्यायचा. वाक्यात मरण राहतं, मारणारा राहत नाही. व्याकरणात ह्याला काय म्हणतात ते मास्तर लोक सांगतील, वस्तीत ह्याला पंचनामा म्हणतात.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत मिनिआपोलिसला २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा ठेवला. पोलिसांचं पहिलं पत्रक निघालं त्यात गुडघाच नव्हता. पोलिसांशी संबंध आला असताना एकाची तब्येत बिघडून तो मेला, असा त्याचा सूर. जगाला खरं कळलं ते रस्त्यावर उभ्या १७ वर्षांच्या एका पोरीनं मोबाईलवर सगळं टिपलं म्हणून. ती पण बघणारीच होती. पण तिनं बघता बघता दुसरा कागद तयार केला.

परभणीत दुसरा कागद आईनं तयार केला. सोमनाथच्या आईनं सरकारचे १० लाख नाकारले आणि कोर्टाची पायरी चढली. ढाल्यांच्या लेखातल्या ५० रुपयांशेजारी हे १० लाख ठेवून बघा. ५२ वर्षांत भाव वाढला, वजनकाटा तोच, आणि ह्या वेळेला ज्याला भाव लावला त्याच्या घरानं सौदाच मोडला. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३० जुलैला तिथं ते फेटाळलं गेलं. खटला चालायचाय, दोषी कोण ते कोर्ट ठरवील. पण गुन्हा नोंदवा एवढ्या दोन शब्दांना साडेसात महिने आणि देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट लागलं. मेलेल्या माणसाला दखलपात्र व्हायला एवढं लागतं, तर घागर उलथलेल्या म्हाताऱ्याचं काय?

आपण पँथर हे नाव अमेरिकेतनं आणलं. १९६६ मध्ये ओकलंडला निघालेले ब्लॅक पँथर बंदूक घेऊन फिरत, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते पोलिसांच्या गाडीमागं जाताना कायद्याचं पुस्तकही बरोबर ठेवत. रस्त्यात कोणाला अडवलं तर तिथंच उभं राहून त्याचे हक्क वाचून दाखवत. आपण डरकाळी घेतली, पुस्तक तिथंच राहिलं. सगळ्यांबद्दल म्हणत नाही, वकिली करणारे आपले लोक तालुक्याच्या कोर्टात आयुष्य घालवतायत. पण मोर्चाला येणाऱ्या किती पोरांना ॲट्रॉसिटीचं कलम ४ माहीत आहे? तिसरं कलम तोंडपाठ असतं, ते मारणाऱ्याचं. चौथं लिहिणाऱ्याचं आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला ६ महिने ते १ वर्ष. २०१५ च्या दुरुस्तीनं त्याची कर्तव्यंच लिहून दिलीत. तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं, सही घ्यायच्या आधी ते सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, गुन्हा योग्य कलमाखाली नोंदवायचा, प्रत लगेच द्यायची. वाचून दाखवायचं! त्या म्हाताऱ्याला घागर परत मिळाली असती ती इथं मिळाली असती.

आता कडू बोलतो. लिहिणारा गायब करण्याची ही कला आपल्या घरातही चालते. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' घ्या. महारवाड्यातल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घातला जायचा, ती पळून जाऊ नये म्हणून. खोडा घालणारे बाहेरचे नव्हते. सासू, सासरा, नवरा, आपलेच. बाईंनी हे लिहिलं आणि ते लिखाण घरात लपवून ठेवलं, एक-दोन नाही तर वीसेक वर्षं. घरातल्या पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून रॉकेलच्या डब्यापाठी नाहीतर फडताळात कागद ठेवायची वेळ कितीजणींवर आली असेल कोण जाणे. ह्या पुस्तकाची आपण गरिबीचं पुस्तक म्हणून तारीफ केली. खोड्यावर कितींनी लिहिलं? आपल्या समीक्षेनंही तिथं किरकोळ कारण असंच नोंदवलं.

आणि संघटनेतले दादा. पावतीपुस्तक हातात असलेला, जयंतीच्या वर्गणीला नाही म्हणणाऱ्या हातगाडीवाल्याला दम देणारा, सभेत प्रश्न विचारणाऱ्या पोरीला खाली बस म्हणणारा. त्याच्या विरुद्ध बोललं की चळवळीचं नुकसान होतं, म्हणून इतिवृत्तात येतं : काही सूचना आल्या, चर्चा झाली. उभयतांत! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत विभूतिपूजेबद्दल बजावलं होतं ते दिल्लीच्या पुढाऱ्यांपुरतं होतं अशी आपली समजूत आहे. मला वाटतं ते गल्लीच्या शाखेलाही लागू आहे. पँथर १९७४ पासनं फुटत गेली त्याची कारणं विचारांची होती तशी ह्या दादागिरीचीही होती. पण त्याचं इतिवृत्त कोणी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं नाही. जे लिहिलं ते ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं.

कथा लिहिणाऱ्या पोरांनो, तुमच्या कथा मी वाचतो. चाबूक आहे, वाडा आहे, पाटलाचं कुत्रं सुद्धा आहे. पुढल्या कथेत मला तो हवालदार आणून द्या. राक्षस करू नका. त्याला घरी दोन पोरी असू द्यात, त्याची गंगाखेडला बदली अडकलेली असू द्यात, कदाचित तो आपल्यातलाच असू द्या, घरी बाबासाहेबांचा फोटो असलेला. समोर म्हातारा उभा आहे, घागरीपाशी अडलाय. हवालदाराला सगळं ऐकू येतंय. आतनं साहेबानं मघाशीच सांगितलंय, फार वाढवू नको. त्यानं किरकोळ हा शब्द लिहिला, खोडला. पंख्याखाली कागद उडतोय, त्यावर त्यानं हात दाबून ठेवलाय. तिथनं सुरू करा.